मंगेशी : देवाचे आणि गाण्याचे गाव

बेळगावहून जांबोटी आणि कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरला, की साखळीवरून फोंडा तालुक्यात शिरता येते. तेथे प्रियोळ गावात मंगेशी वसली आहे. माडपोफळींची कुळागरे, देवळापुढचे तळे आणि सात मजली शुभ्र दीपस्तंभ पाहून प्रवासाचा शीण निघून जातो. आपण सारे येथे देवदर्शनास येतो. परंतु मराठी कुटुंबांनी गाण्याच्या ओढीनेही येथे यावे, असे आम्हांस वाटते.

मंगेश हा मूळचा येथला नव्हे. झुआरीकाठची कुशस्थळी हे त्याचे आद्य स्थान. पोर्तुगिजांच्या भयाने १५६० साली भक्तांनी लिंग येथे आणले. स्थान पालटले, देव तोच राहिला. आणि पूर्वस्थानाची आठवणही भक्तांनी जपली.

गाण्याचेही असेच आहे. १९०० साली येथे जन्मलेल्या दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. 'रणदुंदुभि' नाटकातील 'परवशता पाश दैवे' हे त्यांचे पद. रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत फुलणारे असे पद त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर मात्र तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागे. पुढे तेच पद कन्या आशा भोसले यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केले. पद तेच, परंतु कंठ निराळा आणि काळही निराळा.

पंडित जितेंद्र अभिषेकी हेही मंगेशीचेच सुपुत्र. त्यांनी संगीत दिलेल्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकात तर 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन प्रकारे येते. सदाशिवाच्या भूमिकेत प्रसाद सावकार ते सालगवराळीत संथपणे आळवीत; खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे तेच शब्द धानी रागात चपळ तानांनी उधळून देत. एकाच पदातून दोन घराण्यांचे स्वभाव प्रेक्षकांपुढे उभे राहत. पुनर्गायन म्हणजे केवळ नक्कल नव्हे, याचा याहून सुंदर दाखला कोणता? २०१५ साली त्या नाटकावरून चित्रपट निघाला. त्यात खाँसाहेबांच्या गाण्याला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी आवाज दिला आणि जुन्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली आल्या.

आमच्या शाळेतील मुले हा चित्रपटातला संच मोबाइलवर आवडीने ऐकतात. त्यात गैर काहीच नाही. नवा गळा लाभला नाही, तर जुने पद तबकडीतच निजून राहील. चिंता आहे ती निराळीच. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या गावांत संगीत नाटकाचा फड क्वचितच येतो. त्यामुळे मुलांच्या कानी पडलेली शेवटची आवृत्ती त्यांना पहिलीच वाटते. वसंतरावांचे नाव घरात कुणी उच्चारलेच नाही, तर ते त्यांना कोठून कळावे? अभ्यासक्रमाच्या पुस्तकातून हे काम होणारे नाही.

म्हणून वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे : एखाद्या रविवारी मुलांना जवळ बसवून आधी सावकारांचे, मग वसंतरावांचे आणि अखेरीस चित्रपटातील 'घेई छंद मकरंद' ऐकवावे. डावे-उजवे ठरवू नये. कोणता स्वर कोठे थांबला, तान कोठे वळली, एवढेच विचारावे. मुले स्वतःच मागच्या गळ्याचा शोध घेऊ लागतील.

मंगेशीचा भक्त आजही कुशस्थळी विसरलेला नाही. गाण्याच्या भक्तानेही तिचे विस्मरण होऊ देऊ नये.