आधी टायर, मग गाडी

२ ऑक्टोबर
लेडव्हिलच्या रुग्णालयात दर मंगळवारी रुग्णांना फिजिओथेरपी द्यायला जायचं नक्की झालं. डेन्व्हरहून आय-७० महामार्गानं चढत ११ हजार फुटांवरचा आयझनहॉवर बोगदा पार करायचा, कॉपर माउंटनपाशी वळायचं आणि ११,३१८ फुटांची फ्रीमॉन्ट खिंड ओलांडायची. लेडव्हिल गावच १०,१५२ फुटांवर आहे. माझी आताची गाडी पुढच्या दोन चाकांवर चालणारी, पोटही खाली. शहरात ठीक आहे, खिंडीत तिचं काम नाही. चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी. पण त्या रस्त्यावर मी एकटी असणार, तेव्हा सगळं समजून घेतल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत.

६ ऑक्टोबर
दिवसभर शोरूम पालथ्या घातल्या. ‘चारही चाकं’ म्हणताना प्रत्येक गाडीचा अर्थ वेगळा निघतो.

फोररनरच्या साध्या मॉडेलमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह आपण हवं तेव्हा लावायचं. लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून कोरड्या डांबरावर ते लावून वळलं की सगळ्या यंत्रणेवर ताण येतो. खडकाळ वाटांना तिच्या लो-रेंजला तोड नाही. पण माझा रस्ता एका वळणावर कोरडा, तर पुढच्याच वळणावर गोठलेला.

हायब्रिड रॅव्ह-फोरमध्ये मागच्या चाकांसाठी वेगळी विजेची मोटर असते, पुढून मागे शाफ्ट जातच नाही. सुबारू फॉरेस्टरमध्ये ताकद सतत चारही चाकांकडे जाते. एखादं चाक जागेवर फिरू लागलं की त्यालाच ब्रेक लागतो आणि जोर इतर चाकांकडे वळतो. गाडीच्या पोटाखाली ८.७ इंच मोकळी जागा आहे. नांगरगाडीनं रस्त्याकडेला सारलेल्या बर्फाच्या बांधावरून जाताना ती लागणार.

९ ऑक्टोबर
साताऱ्याला फोन केला. बाबांनी एसटीत उभी हयात काढली. भर पावसात आंबेनळी घाट उतरवलाय. मी इंजिनाबद्दल सांगत होते, तर ते म्हणाले, “गाडी कुठली ते नंतर सांग. टायर कसले आहेत?”

“कंपनीचेच, बारमाही.”

“मग ते बघ आधी. आणि बर्फ असो की पाऊस, ज्या गिअरला चढलीस त्याच गिअरला उतरायचं. ब्रेकवर उतरवू नकोस.”

रात्री त्यावरच वाचत बसले. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. त्याची खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असणं म्हणजे ती कसोटी नव्हे.

२८ ऑक्टोबर
रात्री पहिला बर्फ पडला. सकाळी मैत्रिणीबरोबर मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेले. तिच्या घरी दोन गाड्या आहेत. एक ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, पण टायर झिजलेले. दुसरी जुनी, दोनच चाकांवर चालणारी, हिवाळी टायर घातलेली.

निघताना पहिली गाडी झटक्यात निघाली, दुसरीची चाकं क्षणभर घसरली. मग दोन्ही गाड्या ताशी २० मैलांवर आणून दिव्याच्या एकाच खांबाच्या अलीकडे, सारख्याच अंतरावर ब्रेक दाबला. पहिलीत पायाखाली एबीएसची करकर सुरू झाली, पॅडल थरथरलं आणि खांब बाजूनं मागे गेला तरी गाडी सरकतच होती. दुसरी खांबाच्या अलीकडे थांबली.

ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. ऑल-व्हील ड्राइव्ह निघायला आणि चढायला मदत करतो. थांबायचं आणि वळायचं ते टायरच्या पकडीवर. पहिली गाडी इतकी सहज निघते, की रस्ता किती निसरडा आहे ते चालवणाऱ्याला कळतच नाही. मला भीती त्याचीच वाटते.

४ नोव्हेंबर
ठरलं: वापरलेली फॉरेस्टर आणि रिमसकट हिवाळी टायरचा नवा संच. संचाचे पैसे बाजूला काढले आणि उरलेल्यात बसेल ती गाडी घेतली, म्हणून नवी परवडली नाही. टायर चारही एकदम बदलायचे. एकच नवा टाकला तर त्याचा घेर मोठा, फेऱ्या कमी. त्या फरकानं पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला क्लच सतत घासून तापतो.

कायदाही टायर बघतो. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल हवी. ऑल-व्हील ड्राइव्ह असला तरी त्यातून सूट नाही.

१८ नोव्हेंबर
खिंडीत नांगरगाडी पुढे होती. तिच्यामागे अंतर राखून चालले, उतारावर गिअर खाली घेतला आणि ब्रेकला जेमतेम पाय लावला. गाडीनं चांगली साथ दिली. घरी आल्यावर पोटाखालून धुतली, कारण रस्त्यावर फवारतात ते मॅग्नेशियम क्लोराइड लोखंड खातं.

रुग्णालयात सांगून आले आहे: खिंड बंद असेल किंवा रस्ता काचेसारखा गोठला असेल, त्या मंगळवारी मी येणार नाही, रुग्णांचे व्यायाम व्हिडिओ कॉलवर घेईन. त्यांनी लगेच मान्य केलं. या गाडीच्या जोरावर हा नियम मी सैल करणार नाही.