टाकवत नाही!

न्यू जर्सीला मुलाकडे गेले, तर त्याने दिवाणखान्यात काचेच्या हौदात चक्क समुद्र बसवलेला! वर प्रवाळे, रंगीत मासे. पण माझा जीव जडला तो खालच्या फडताळातल्या टाकीत वाढणाऱ्या शेवाळावर. नाव कीटोमॉर्फा, दिसायला हिरव्या लोकरीचा गुंता. माशांच्या घाणीतून पाण्यात उतरलेले नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन ते वाढे. वरचा दिवा मालवला, की खालचा लागे; म्हणजे रात्रीही कर्बवायू शोषला जाई आणि पाण्याची आम्लता फारशी वाढत नसे.

मुलगा महिनाभर परगावी निघाला. म्हणाला, “आई, दर आठवड्याला अर्धे शेवाळ काढून टाक हं. टाकले तरच ती घाण बाहेर जाते.” मी मान डोलावली, पण कोवळ्या मेथीसारखी ती हिरवळ काही टाकवेना. गुंता टाकीभर झाला. आतल्या भागाला उजेड मिळेना; तो पांढरा पडून कुजू लागला आणि खाल्लेले सारे पाण्याला परत देऊ लागला. वर प्रवाळांनी अंग चोरले. मुलगा परतला आणि मुकाट्याने पाणी बदलत बसला. दोन प्रवाळे मात्र गेली ती गेलीच.

पुण्याला परतल्यावर, परवा दिवाळीच्या आवराआवरीत, ह्यांच्या कोटांची ट्रंक उघडली. अकरा वर्षे जपलेली! खालच्या कोटांना कसर लागली होती. वरचे दोनच धड होते. एक मुलासाठी ठेवला. दुसरा रात्रपाळीच्या रखवालदाराला दिला. काल पहाटे तो कोट फाटकापाशी उभा दिसला, आणि क्षणभर मी दार उघडायलाच निघाले.