दोन शिबिरे आणि एक झिरा

जळगावहून धुळ्याला जाणारी एस. टी. एरंडोल, पारोळा मागे टाकीत नव्वद-पंचाण्णव किलोमीटर धावते. वाटेत पाहण्याजोगे काही नाही, असे आमच्याकडचेच लोक सांगतात. दोन्ही बाजूंना कापूस, ज्वारी, बाभळी, मधूनच एखादा कोरडा नाला आणि पुन्हा कापूस. मला मात्र या रस्त्याचे भारी अप्रूप आहे. आईच्या नजरेआड मी प्रथम राहिले ती याच रस्त्याने जाऊन, आणि तीही एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या खेपेला अंगावर खाकी गणवेश होता, दुसऱ्या खेपेला साधा सलवार-कमीज. पहिल्या खेपेला जे शिकले त्यातले निम्मे दुसऱ्या खेपेला विसरावे लागले, त्याची ही हकीगत.

१९८८ साली मी नववीत होते. शाळेत एन. सी. सी. होती आणि धुळ्याजवळ मुलींचे दहा दिवसांचे शिबिर भरायचे होते. "अहो, दहा दिवस तंबूत? मुलीच्या जातीला?" आईने वडिलांना विचारले. एन. सी. सी. १९४८ पासूनची, पण १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ मध्ये, ती कॉलेजच्या मुलांना सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. वडील त्या सक्तीच्या पिढीतले. ते हसून म्हणाले, "मला धरून नेले होते, म्हणून मी कुरकुरलो. ही आपण होऊन जाते आहे. जाऊ दे तिला." आईने शेवचिवड्याचा डबा भरला आणि मी सतरंजी, मग व ताटली घेऊन निघाले.

पहाटे पाचला शिट्टी. थंडगार पाण्याने तोंड धुऊन मैदानात पळायचे. कवायत शिकवायला फौजेतले हवालदार होते. त्यांनी 'दाहिने मुड' म्हटले, की निम्म्या मुली डावीकडे वळत आणि समोरासमोर उभ्या राहून हसत. तिसऱ्या दिवशी मात्र शंभर टाचा एकदम आपटू लागल्या. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. रायफलीच्या पाच गोळ्यांपैकी माझ्या दोन कागदाला लागल्या, एवढ्यावर मी स्वतःला झाशीची राणी समजू लागले. एके दिवशी आम्ही फारुकी राजांच्या वेळचा लळिंगचा किल्ला चढलो. वरून आग्रा रोड दोरीसारखा दिसत होता. तिथे हवालदार म्हणाले, हुकूम झाला की 'का' विचारायचे नाही. ते वाक्य मी प्रसादासारखे घरी आणले. पुढे कितीतरी दिवस धाकटा भाऊ चहाचा कप हातात घेऊन माझ्यापुढे 'सावधान'मध्ये उभा असे.

कॉलेजात गेले तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि खेड्यात एक विशेष शिबिर, असा तिचा नेम. ब्रीदवाक्य 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी'. आमचे विद्यापीठ नवेच, १९९० च्या स्वातंत्र्यदिनी जळगावात निघालेले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. १९९१ च्या डिसेंबरात आमची बस पुन्हा धुळ्याकडे निघाली आणि तिथून पुढे साक्री तालुक्यातल्या एका लहानशा गावी गेली. शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम. जेवायला कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आले, चौथ्या दिवशी मी दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतली.

काम होते गावाशेजारच्या नाल्यावर बंधारा घालण्याचे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडे शिवायची, विटांसारखे सांधे मोडत थर लावायचे. पावसाळ्यानंतर नाल्याला जी बारीक धार असते ती अडली, की विहिरींना पाझर लागतो. आमच्या गटाची प्रमुख मी. कॅडेट होते ना! जागा आम्हीच निवडली. रस्त्याला लागून, नाला रुंद, गोण्या वाहायला सोपे आणि समारोपाला येणाऱ्या पाहुण्यांना गाडीतूनच दिसेल असे.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन येऊन उभी राहिली. बराच वेळ आमची धावपळ पाहून ती म्हणाली, "ए पोरी, खाले वाळू शे. पानी खालथून पळी जाई."

अहिराणी मला समजत होती. वडिलांचे आजोळ त्याच भागातले. पण हातात फावडे आणि डोक्यात हवालदार. मी म्हटले, "आजी, जरा बाजूला व्हा. काम चालू आहे." ती काही न बोलता बाजूला झाली.

पाचव्या दिवशी बंधारा पुरा झाला. फोटो निघाले. सहाव्या दिवशी सकाळी पाहतो तो बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ओंजळभर पाणी, आणि खालच्या अंगाला, वाळूतून वर आलेली तीच धार खळाळत निघालेली! म्हातारीने सांगितले होते अगदी तसेच. मुले एकमेकांकडे पाहू लागली. कुणी मला बोलले नाही, हे अधिक लागले.

शिबिर संपायला तीन दिवस होते. मी म्हातारीचे घर शोधीत गेले. काय बोलावे ते सुचेना, म्हणून म्हटले, "आजी, पाणी आणायला येऊ का तुमच्याबरोबर?" तिने घागर पुढे केली.

नाल्याने वर अर्धा कोस चाललो. तिथे तिचा झिरा होता, वाळूत उकरलेला लहानसा खड्डा. कोपरभर हात घातला की पाणी लागत होते. खाली, आमच्या बंधाऱ्यापाशी, कमरेइतके खणले तरी ओलच लागेल, असे तिने सांगितले. कारण साधे होते. इथे वाळूखाली हातभरावर खडक होता आणि तो दोन्ही काठांना वरही दिसत होता. खडक पाण्याला खाली जाऊ देत नाही, वाळू देते. हे पुस्तकात असेल, पण तिला ते घागरीने शिकविले होते.

तिचा नवरा पांझरेच्या फडावर पाटकरी होता. फड म्हणजे काय, हे मला तेव्हा प्रथम कळले. पांझरेवर ओळीने दगडी बंधारे आहेत. त्यांच्या पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात एका वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाळीने घ्यायचे. पाळीवर लक्ष ठेवायला पाटकरी, जागल्या आणि त्यांच्यावर हवालदार. निदान तीनशे वर्षे शेतकऱ्यांनीच ही व्यवस्था चालविली. म्हणजे हवालदार इथेही होता. पण याला हुकूम देण्याआधी दर शेताची तहान ठाऊक असावी लागे! मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनीही आपल्या नोकरीच्या आरंभी, १८८४ च्या सुमारास, याच पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बांधला होता. इंजिनियरांनी जिथे धडे गिरवले, त्या नदीच्या मुलखात आम्ही फावडी घेऊन शिकवायला गेलो होतो.

"तुम्ही आधी का नाही सांगितलेत सगळ्यांना?" मी विचारले.

"आम्हले कोनी इचारंच नही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला मान वर करवेना.

त्या दुपारी मी सर्वांसमोर चूक कबूल केली. आमच्याच गोण्या आम्ही उचलल्या आणि अर्धा कोस वर नेल्या. यावेळी गावातली वीस-पंचवीस माणसे आपण होऊन आली. बायकांनी सांध्यांत काळी माती ठोकून बसवली, म्हातारी काठावर बसून बोटाने जागा दाखवीत राहिली. बंधारा पहिल्याच्या निम्म्यानेही नव्हता. रस्त्यावरून दिसत नव्हता, म्हणून पाहुणे तिकडे फिरकले नाहीत. निघायच्या सकाळी मात्र त्यात गुडघाभर पाणी होते आणि दोन म्हशी डुंबत होत्या.

गोण्यांचा बंधारा एका पावसाळ्याचा धनी. आमचाही पुढच्या पुरात गेला असणार. गेल्या वर्षी त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा मुद्दाम नाल्यावर गेले. म्हातारी केव्हाच गेली होती. तिच्या झिऱ्याच्या जागी, त्याच खडकावर, सिमेंटचा पक्का बांध उभा आहे. कुणी बांधला, जागा कुणी दाखवली, ते गुरे चारणाऱ्या पोराला सांगता येईना. "पहिलेपासूनच शे," तो म्हणाला.

हवालदारांनी शिकविलेले मी टाकून दिले नाही. पहाटे पाचला आजही जाग येते आणि शंभर माणसांना एका रांगेत गोण्या पोचवायला लावायचे, तर ती शिस्त लागतेच. फक्त त्या रांगेचे तोंड कुठे असावे, हे त्या गावाला विचारावे लागते.

यंदा माझी मुलगी पहिल्यांदा सेवा योजनेच्या शिबिराला निघाली आहे. आईसारखाच मी शेवचिवड्याचा डबा भरला, सतरंजी बांधली. ती घाईत होती. दारात तिला एवढेच सांगितले, "गावात पोचलीस की फावडे नंतर घे. आधी कुणाबरोबर तरी पाण्याला जाऊन ये."