दगडांचं वर्तुळ

पारशिवनीचं नाव काढलं की होस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, वाघ दिसला का पेंचला?" वाघ काही माझ्या नशिबी नाही; पण आमच्या तालुक्यात त्याच्याहून भारी चीज आहे. पेंच नदीकाठचं नैकुंड! तिथे मोठमोठ्या शिळा गोल मांडलेल्या आहेत. ही लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली शिळावर्तुळं. विदर्भातल्या अशा वर्तुळांत मातीची भांडी, लोखंडी हत्यारं, काही ठिकाणी तर घोडासुद्धा पुरलेला सापडला आहे. एवढ्या शिळा ओढून आणणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे, सारा गाव राबला असणार.

हाच प्रकार नागपूरजवळ, काटोल रोडवरच्या जुनापाणीला मोठ्या प्रमाणात दिसतो. टेकाडांच्या परिसरात सुमारे ३०० वर्तुळं! तिथल्या काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. अभ्यासकांपैकी कुणी त्यांचा संबंध अंत्यविधीशी लावतं, कुणी आकाशातल्या दिशांशी. पण पावसाने दगड झिजला तर खळगे असे ओळीत पडत नाहीत, एवढं आपल्यालाही कळतं.

आता मेकॅनिकल आणि मेटलर्जीवाल्यांनी जरा कान द्या. १९७८ ते १९८० मध्ये शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी नैकुंडला उत्खनन केलं, तेव्हा तिथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. इ.स.पूर्व ७०० च्या सुमाराची! आकार गोल, बांधकाम मातीच्या विटांचं आणि भात्याची हवा आत सोडायला मातीची नळी. ब्लास्ट फर्नेसच्या आकृतीत आपण जिला 'ट्युयर' असं नाव देतो, तीच ही. आपण परीक्षेसाठी पाठ करतो, ते या लोकांनी आमच्या नदीकाठी करून ठेवलं होतं.

अडचण एवढीच, की ही वर्तुळं किल्ल्यासारखी उठून दिसत नाहीत. नवा रस्ता, नवा ले-आऊट, गिट्टीची खदान... जेसीबीला सगळे दगड सारखेच. आणि मित्रांनो, त्या जेसीबीला चुन्याची लाईन मारून देणारे उद्या कोण? आपणच! सर्व्हे कॅम्पमध्ये आपण झाड, विहीर, विजेचा खांब सगळं नकाशावर घेतो. तसे गोल मांडलेले दगड दिसले तर तेही घ्यावेत आणि काम सुरू होण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावं. रस्त्याची लाईन कागदावर दहा मीटर सरकवता येते. उखडलेली शिळा मात्र परत उभी केली, तरी तिच्याखालचं काहीच परत येत नाही.