सोनेरी जावई

फोटोत तो छताला टांगलेला असतो. एकाखाली एक सोनेरी तबकड्या, मधून बारीक नळ्यांची वेटोळी, वायरींचे झुबके. पुण्याहून आलेल्या भाच्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामा, हा क्वांटम कॉम्प्युटर." फलटणला दूध संकलन केंद्रात बल्क कूलरशेजारी माझी बावीस वर्षं गेलीत. चष्मा कपाळावर सरकवून मी नीट पाहिलं आणि म्हटलं, "अरे, हा तर फ्रिज!"

भाचा हिरमुसला, पण नाही म्हणाला नाही. डायल्युशन रेफ्रिजरेटर हे त्याचं पूर्ण नाव. हिशेब करणारी चिप याच्या तळाशी, नखाएवढी. याला स्वतःला दोन अधिक दोन येत नाही. तरी मान सगळा याचाच. खोली याची, वीज याची, फोटो याचा. सोनं मात्र मुलाम्यापुरतं, आत तांबं. तेही कामाच्या वेळी दिसत नाही. एकात एक डबे चढवून आतली हवा काढली की जावईबापू कडीबंद. फोटोत दिसतो तो सुट्टीवरचा.

आमचा कूलर पस्तीस अंशांचं दूध चार अंशांवर आणतो. हा निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे गारव्याच्या शेवटच्या पायरीच्या, वर एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत उतरतो. आकाशातली पोकळीही याच्यापेक्षा अडीचशे पटींनी ऊबदार. आणि युक्ती? माठाची. माठ पाझरतो, पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. याच्या पोटात हेलियमचे दोन प्रकार एकत्र असतात. पुरेसं गारठलं की दुधावर साय धरावी तसे त्यांचे थर होतात. वर हलकं हेलियम-३, खाली जड हेलियम-४. वरचं हेलियम खालच्या थरात विरघळत जातं आणि जाताना उष्णता उचलतं. माठाची वाफ वर जाते, याची खाली, इतकाच फरक. १९५१ साली हाइन्झ लंडन यांना हे सुचलं. लायडनला असं यंत्र प्रत्यक्ष चाललं १९६४ साली.

नखरे बाकी विचारू नका. गार व्हायलाच दिवस-दोन दिवस. अखंड चुक्-चुक् आवाज. विहिरीवरच्या साडेसात एचपीच्या दोन मोटारी खातील जवळपास तेवढी वीज, आणि तळाशी उचलणार किती उष्णता, तर वॉटचा काही लाखावा भाग. त्यात हेलियम-३ वायूच्या विहिरीतून फारसं निघत नाही. ते मिळतं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, क्षय पावल्यावर, आणि ट्रिटियम मुख्यतः अणुबॉम्बवाल्यांच्या कोठारातलं. अख्ख्या यंत्राची किंमत कोटीत.

हे लाड पुरवतं कोण? सरकार. १९ एप्रिल २०२३ ला मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी मंजूर केले, मुदत २०३०-३१ पर्यंत. हजार क्युबिटपर्यंत, म्हणजे चिपमधल्या हिशेबाच्या हजार घटकांपर्यंत, मजल मारायची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याची टीआयएफआर ही संशोधन संस्था, पुण्याची डीआरडीओची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटचा प्रोसेसर तपासून दाखवला. सहा. काम मोठं आहे, घरचं आहे. पण तेवढा हिशेब भाच्याचा मोबाईल हसत करील. तेव्हा गिऱ्हाईक अजून आलेलं नाही, आलंय ते अनुदान.

तरी धंदा चालू आहे, आणि तो आहे गारव्याचा. फिनलंडची ब्ल्यूफोर्स क्युबिट विकत नाही, फ्रिज विकते. प्रत्येक क्युबिटला वरून खालपर्यंत वायर लागते, प्रत्येक वायर थोडी ऊब आत नेते, म्हणून खास केबली लागतात. मिशनने निवडलेल्या पहिल्या आठ नवउद्योगांत आयआयटी मुंबईतली डिमिरा आहे. ती या केबली बनवते. दुधात तरी वेगळं काय झालं? म्हशीवाल्याचा हिशेब बसायच्या आधी कूलरवाल्याचं बिल निघालं.

मला आमची रिक्षा आठवते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशींनी विजेवर चालणारी सायकल रिक्षा २००० च्या आगेमागे चालवून दाखवली होती. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं होतं. दिल्लीत ई-रिक्षांचा सुळसुळाट झाला तो दहाएक वर्षांनी, आणि सुटे भाग आले चीनचे. तिथे माल तयार, पैसा गायब. इथे उलटं.

अर्थात जावयाचंही काही पक्कं नाही. काही जण अणूच लेसरच्या चिमटीत धरून क्युबिट करतात. त्यांना हा फ्रिज लागत नाही. उद्या ते पुढे गेले, तर हा सोन्यासकट अडगळीत.

भाच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक क्वांटमचं सॉफ्टवेअर लिहायची, दुसरी असल्या थंड यंत्रांच्या जोडणीची. पहिलीत पगार जास्त.

"मामा, कुठली धरू?"

"वीज गेली तर याचं काय होतं?"

"आतला वायू परत टाकीत. मग पुन्हा दोन दिवस."

"मग त्या दोन दिवसांत कोणाला बोलावतात?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडतो आहे तोच बाहेर कूलरचा कॉम्प्रेसर सुरू झाला, आणि संध्याकाळच्या दुधाची पहिली कॅन दारात आदळली.