देवबागच्या होडीची मागची फळी

देवबागला गेलात की आधी समुद्र बघावा की खाडी, असा गोड पेच पडतो. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि तारकर्लीच्या पुढे माडांनी गच्च भरलेली ही चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचे, तिथून एसटीने मालवण गाठायचे, की देवबाग आलेच म्हणायचे.

आम्ही गेलो ते ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी. गर्दी नव्हती, ऊन मात्र कडक. ज्यांच्या घरी उतरलो, त्यांची स्वतःची होडी होती. जुनी, फायबरची, मागे इंजिन लावलेली. पर्यटकांना संगमावर न्यायचे, हाच त्यांचा मोसमातला मोठा आधार. मुले पहिल्याच दिवशी होडीसाठी नाचू लागली. पण घरच्या काकी म्हणाल्या, "वयनीनू, ह्या होडयेत मी तुमका बसवूचंय नाय."

होडी खाडीच्या काठी माडाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. पावसाळाभर झापांखाली राहिलेली, निळा-पांढरा रंग अजून चकचकीत. मला तर काहीच खोट दिसेना. काकींनी हातात छोटा हातोडा घेतला आणि इंजिन अडकवतात त्या मागच्या फळीवर हलकेच ठोकत गेल्या. कडेला टणटण आवाज आला. मधोमध मात्र बद्द, बद्द. आपण नारळ घेताना वाजवून बघतो ना, अगदी तसेच! मग त्यांच्या मुलाने आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडले. कोरडा भुसा यायचा, तर काळपट, ओला चिखल बाहेर आला. वासही कुजलेल्या पानांसारखा.

तुम्ही म्हणाल, फायबर कुठे कुजते? बरोबर आहे, फायबर कुजत नाही. पण या मागच्या फळीच्या पोटात लाकूड असते. इंजिनाचे वजन आणि त्याचा रेटा सोसायला आत जाड प्लायवूड घालतात आणि दोन्ही बाजूंनी फायबरचे थर चढवतात. सँडविचच म्हणा ना! जोवर थर अखंड, तोवर लाकूड सुरक्षित. एकदा का कुठे भोक पडले आणि ते नीट बुजवले नाही, की पाणी आत शिरते. आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट सापडत नाही. मग वर्षानुवर्षे ते लाकूड आतल्या आत मुरत राहते. वरचा रंग मात्र हसतमुख!

काकांचे म्हणणे होते की, दिवाळीचे गिऱ्हाईक तोंडावर आले आहे, वरून दोन थर चढवू, रंग मारू आणि मोसम संपला की बघू. त्यांचेही चूक नव्हते. होडी पंधरा दिवस बंद म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जायचा. पण काकी अडून बसल्या. "वरसून रंग मारून काय उपयोग? आतसून कुसली हा." भर खाडीत फळीने दगा दिला, तर इंजिन पाण्यात जाईल आणि मागून पाणी होडीत शिरेल. होडीत असतात लोकांची लेकरे.

पाणी शिरले कुठून, ते शोधायला मात्र वेळ लागला नाही. फळीच्या बाजूला एक लोखंडी शिडी होती, चार स्क्रूंवर बसवलेली. त्या स्क्रूंखाली तांबूस ओघळ आले होते. काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ही शिडी मीच लावूक सांगितलंय." गुडघाभर पाण्यातून साडी सावरत होडीत चढताना बायकांची तारांबळ उडते, म्हणून त्यांनीच हौसेने ती बसवून घेतली होती. सोय चांगली, पण भोके पाडणाऱ्याने ती तशीच कोरडी सोडली होती. चार बोटभर भोकांनी अख्खी फळी खाल्ली!

दुसऱ्या दिवशी गावातला कारागीर आला. इंजिन उतरवले. त्याने आतल्या बाजूचे फायबर कापून काढले. बाहेरचे तसेच ठेवले, म्हणजे होडीचा आकार बिघडत नाही. मग पटाशीने लाकूड खरवडणे सुरू झाले. मधले लाकूड ओंजळीने निघाले. कडेचे बरे दिसत होते, ते ठेवावे असे काकांना वाटले. पण कारागीर ऐकेना. ओल जिथवर गेली आहे, तिथवर काढायचेच. थोडी राहिली, तर नव्या लाकडाला ती पुन्हा लागणार. काकींनी मान डोलावली आणि कडेचेही लाकूड निघाले.

मग सगळे गोड्या पाण्याने धुतले. खारट अंश राहिला, तर तो हवेतली ओल ओढत राहतो. आपल्या मिठाच्या बरणीचे होते, तेच! नंतर चार दिवस नुसते ऊन.

त्या चार दिवसांत आम्ही मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहून आलो. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! तटावरून लाटा बघताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती उघडी पडलेली फळी येत होती. समुद्राशी संसार मांडायचा, तर त्याला आत घ्यायचे नाही, हे त्या बांधणाऱ्यांनी किती नेमके ओळखले होते!

परत आलो, तेव्हा काकी जमिनीवर बसून कागद कापत होत्या. ब्लाउज बेतावा तसा फळीचा कागदी बेत! त्यावरून मरीन प्लाय कापला, दोन थर एकमेकांना चिकटवून जवळजवळ दीड इंच जाड केला. काम भल्या सकाळी चालले, कारण उन्हात रेझिन फार लवकर आळते. किलोभर रेझिनला हार्डनर जेमतेम दहा ते वीस ग्रॅम. जास्त झाला, तर भांडेच तापते. म्हणून थोडेथोडेच कालवायचे. हा हार्डनर डोळ्यांना फार वाईट. कारागिराने चष्मा, हातमोजे घातले होते आणि मुलांना लांब बसवले होते.

प्लाय बसवून शिकंजे आवळले, तेही बेताने. फार आवळले, तर रेझिन सगळे पिळून बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो. कोपरे लुकणाने गोलसर केले, कारण काचेचे कापड काटकोनात नीट वळत नाही, खाली हवा राहते. मग मॅटचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा.

आणि भोके? तीच खरी शिकण्यासारखी गोष्ट. आधी हवे त्याहून मोठे भोक पाडले, ते घट्ट कालवलेल्या रेझिनने पूर्ण भरले, आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध स्क्रूचे भोक पाडले. म्हणजे पाणी आलेच, तरी त्याला लाकूड दिसणारच नाही. शिडीही पुन्हा लागली. काकींनी चारही भोके स्वतः तपासली.

आमच्या निघण्याच्या दिवशी पहाटे होडी खाडीत उतरली. रंग अजून लागायचा होता, मागची बाजू भुरकट, ओबडधोबड दिसत होती. माणसांच्या जागी वाळूची पोती. काका इंजिनापाशी, काकी हातोडा घेऊन फळीशेजारी. होडी संगमापर्यंत गेली, वळली, परत आली. काकींनी फळी वाजवली. इकडून तिकडे एकच आवाज, टणटण. मुले हिरमुसली खरी, पण या खेपेला होडीत बसायचा हट्ट कुणी केला नाही.

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली, ती म्हणजे सिंकखालचे कपाट रिकामे करून तळाची फळी बोटाने वाजवली. बद्द! गेल्या वर्षी फुगवट्यावर मीच छान सनमायका चिकटवून घेतला होता. तुम्हीही एकदा वाजवून बघा. बिजागरीची भोके, पाइप जातो तिथली कापलेली कड, भिंतीलगतचा कोपरा. ओल सापडली, तर आधी गळती थांबवा, खराब भाग पूर्ण काढा, नीट सुकू द्या आणि कापलेल्या कडा बंद करा. रंग अगदी शेवटी.

आणि देवबागला गेलात, तर लाइफ जॅकेट घालूनच होडीत बसा. मागे एखादी शिडी दिसली, तर तिच्या स्क्रूंवर एक नजर जरूर टाका.