सुलतानाला किती गुण द्यायचे?

पायाचं प्लास्टर निघेपर्यंत घरातच बसायचं, म्हणून त्याने ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ या संगणकावरच्या खेळातली बहमनी राज्याची फाइल उघडली. साधा मजकूरच असतो तो. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो. तेव्हा बिदरच्या गादीवर अलाउद्दीन अहमदशहा दुसरा. कारभार, मुत्सद्देगिरी, लष्कर अशा तीन बाबतींत राजाला शून्य ते सहा गुण द्यायचे.

त्याचा हात तिथेच अडला.

या सुलतानाने बिदरला रुग्णालय बांधलं, त्याच्या खर्चासाठी गावं लावून दिली, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पण फिरिश्ता लिहितो दीडशे वर्षांनी. याच सुलतानाच्या काळात दख्खनी आणि परदेशी सरदारांचं वैर चाकणच्या कत्तलीपर्यंत गेलं. रुग्णालयाचे गुण धरले, तर चाकणचे किती वजा करायचे? आजारी माणसाला औषध देणारा आणि कान भरले की फर्मान काढणारा, दोन्ही एकच माणूस.

खेळाच्या नकाशावर प्रांत म्हणजे एक सलग रंग. सह्याद्रीत मात्र शिर्क्यांनी याच सुलतानाच्या मलिक-उत्-तुज्जार या सरदाराला जंगलात नेऊन सैन्यासकट संपवलं. म्हणून खेळात त्याने घाटाकडच्या प्रांतांची स्वायत्तता वाढवली. त्यामुळे तिथून महसूल कमी येतो, शिपाईही कमी. संगणकाच्या हातातलं बहमनी राज्य आता किती टिकतं, ते पाहायचं आहे.